झाडीपट्टीतील घरभेट : थंडी, खचलेले मन आणि गावातल्या माणसाचा आधार

झाडीपट्टीतील चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्याची बातमी होते. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांतील हिवाळ्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. जंगलाने वेढलेल्या, नाल्याकाठी वसलेल्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, कुडाच्या भिंतींच्या फटींतून वारा आत येतो, आणि जिथे एका पांघरुणाखाली तीन-चार माणसे झोपतात तिथे सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारे शरीर आधी गार पडते. या भागाच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात थंडीने होणारी हानी बराच काळ नोंदीबाहेर राहिली. जगणे नकोसे झालेल्या माणसाची घुसमटही तशीच नोंदीबाहेर राहिली. दोन्हींत रुग्ण स्वतःहून दवाखान्यात येत नाही, कारण गारठलेले नवजात बाळ रडत नाही आणि खचलेला माणूस बोलत नाही. म्हणून या दोन्हींवरचा उपाय दवाखान्यात बसून सापडण्याजोगा नव्हता. ठरलेल्या दिवशी दारात येणाऱ्या, गावातल्याच, शिकवून तयार केलेल्या माणसाच्या रूपाने तो सापडला. गडचिरोलीत पहिल्या संकटापुरता हा इतिहास तपशीलवार लिहिला गेला आहे. दुसऱ्याच्या बाबतीत तो अजून अर्धाच आहे.

थंडीशी झुंजण्याचे या प्रदेशातील जुने साधन शेकोटी हे होय. धानाची कापणी झाल्यावर खळ्यावर, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मचाणावर केल्या जाणाऱ्या जागलीत आणि माडिया आदिवासींच्या घरांच्या आत-बाहेर रात्रभर लाकूड धुमसत ठेवण्याची रीत होती, आणि अनेक गावांत ती आजही आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या काळी माडिया लोक जवळजवळ उघड्या अंगाने हिवाळा काढत असत. ते पाहून त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे यांनी स्वतः अंगभर कपडे वापरणे सोडले, हे सर्वश्रुत आहे. आगीची ऊब घेत झोपण्याची किंमतही मोजावी लागे. झोपेत, फेफऱ्याच्या झटक्यात किंवा दारूच्या अंमलात विस्तवावर पडून भाजलेली माणसे दवाखान्यात येत, त्यामुळे भाजल्यावरचे उपचार हा तिथल्या वैद्यकीय कामाचा आरंभापासूनचा भाग राहिला. ज्यांच्याजवळ पुरेसे पांघरूण नाही त्यांना आगीशी इतकी जवळीक करावीच लागते, ही गोष्ट त्या जखमांच्या नोंदीत लिहिली जात नाही.

थंडीने शरीराची हानी कशी होते, हे येथे थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. निरोगी प्रौढाला आधी हुडहुडी भरते, मग बोटे काम करेनाशी होतात, बोलणे अडखळते, विचार संथ होतात, आणि पुढच्या टप्प्यात हुडहुडीच थांबते. हा टप्पा सर्वांत फसवा असतो, कारण माणूस शांत झाल्यासारखा दिसतो, त्याला झोप येते, आणि आपण धोक्यात आहोत हे त्याचे त्यालाच कळत नाही. ओले कपडे, वारा, उपाशी पोट आणि थकवा यांमुळे हे सारे लवकर घडते, त्यासाठी बर्फाची गरज नसते. मोहाची दारू घेतली की ऊब येते, ही समजूत जंगलपट्ट्यात सर्वत्र आढळते; प्रत्यक्षात दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटते खरे, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते आणि हुडहुडीची नैसर्गिक शक्तीही मंदावते. हिवाळ्यात या दोन्ही जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, शेतातच ताडपत्रीखाली राहतात आणि तान्ही मुलेही बरोबर नेतात. अशा बिऱ्हाडांत हा धोका सर्वाधिक असूनही आरोग्यसेवेची नजर तिथे फार कमी पोचते.

प्रौढाचे शरीर थरथरून उष्णता निर्माण करू शकते, नवजात बाळाला ते जमत नाही. ते ३७ अंशांच्या उबेतून ओल्या अंगाने बाहेर येते, वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, डोक्यावाटे बरीच उष्णता निघून जाते, आणि मानेभोवती व पाठीवर साठलेल्या तपकिरी चरबीचा साठा कमी वजनाच्या बाळात अगदीच तुटपुंजा असतो. त्यात जुन्या रीतींची भर पडे. बाळंतिणीसाठी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची, तिला शेक आणि धुरी देण्याची पद्धत होती, म्हणजे उबेचे महत्त्व गावाला ठाऊक होतेच; परंतु वार पडेपर्यंत बाळ जमिनीवर उघडे राही, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे त्याला लगेच आंघोळ घातली जाई. जन्मानंतरच्या ज्या पहिल्या अर्ध्या तासात बाळाचे अंग सर्वांत वेगाने गार होते, नेमक्या त्याच वेळी ते ओले आणि उघडे असे. सुईणीला यात दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हाती तापमापक नव्हता, आणि गार पडून दोन दिवसांनी दगावलेल्या बाळाचा संबंध त्या पहिल्या अर्ध्या तासाशी जोडून दाखवणारे कोणीही तिच्याजवळ आले नव्हते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा चार वर्षांचा होता तेव्हा, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. पुढे शोधग्राम या नावाने वसलेल्या या संस्थेने आधी बालन्यूमोनियावर आणि मग नवजात मृत्यूंवर संशोधन हाती घेतले. १९९३ पासून ३९ गावांत, आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांत, प्रत्येक जन्म व मृत्यू नोंदवला जाऊ लागला. १९९५-९६ या वर्षी ७६३ नवजात बाळांची त्यांच्या घरी जाऊन नियमित तपासणी झाली. त्यांपैकी ४२ टक्के बाळे जन्मतःच कमी वजनाची होती, सुमारे १७ टक्के बाळांच्या काखेतील तापमान पहिल्या महिन्यात केव्हातरी ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलेले आढळले, आणि निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज असताना इस्पितळात दाखल झालेल्यांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. उष्ण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात दर सहा बाळांमागे एक गार पडत होते.

या आकड्यांतून ‘घरोघरी नवजात बाळसेवा’ उभी राहिली. प्रत्येक गावातून जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेली एक स्त्री निवडून तिला आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळंतपणाला ती सुईणीच्या शेजारी हजर राही आणि जन्मताच बाळाला कोरडे करून गुंडाळी. त्यानंतर महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी येई. तिच्या पिशवीत तापमापक, घड्याळ, झोळीचा वजनकाटा, टोपडे, पांघरूण आणि कमी वजनाच्या बाळासाठी शिवलेली उबदार पिशवी असे. भेटीचा क्रम ठरलेला होता: हात धुवायचे, बाळाच्या काखेत तापमापक धरून थांबायचे, श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, झोळीत बाळ तोलायचे आणि सारे वहीत लिहायचे. गारठलेल्या बाळाला ओळखण्याची खूण आईलाही शिकवता येते, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही: हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट आणि मग तळपाय चाचपायचे, दोन्ही गरम असतील तर बाळ ठीक आहे, पाय गार व पोट गरम असेल तर त्याला थंडीचा ताण आहे, आणि दोन्ही गार लागले तर वेळ दवडायचा नाही. उपायातही आईचे शरीर हेच मुख्य साधन आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, दोघांवर मिळून एक पांघरूण घालून, तासन् तास ठेवण्याची पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांचा तुटवडा असलेल्या इस्पितळात सुरू झाली. कांगारू मातृसेवा या नावाने ती जगभर गेली, आणि जागतिक आरोग्य संघटना आता जन्मानंतर लगेच ती सुरू करण्याची शिफारस करते.

गडचिरोलीच्या या प्रयोगाचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ पर्यंत खाली आले होते. या यशाचे श्रेय पुष्कळदा आरोग्यदूताने दिलेल्या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनला दिले जाते, आणि जंतुसंसर्गावरील उपचाराचा वाटा मोठा होता यात शंका नाही. परंतु इंजेक्शन केव्हा द्यायचे हे ज्या भेटीत कळले, ती भेट हाच या पद्धतीचा कणा होता. २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच रचना देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली. घरी झालेल्या जन्मानंतर १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी आशाने घरी जावे, तापमान व वजन नोंदवावे, असा नियम झाला. गडचिरोलीतल्या वहीचे रकाने अशा रीतीने राष्ट्रीय अर्जात उतरले.

मनाच्या संकटाचा या प्रदेशातील लिखित इतिहास मात्र आरोग्याच्या खात्यातून सुरू होत नाही, तो फौजदारी कायद्यातून सुरू होतो. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरला मनोरुग्णालय स्थापन झाले, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे तेव्हाच्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यातील माणसाला मानसिक उपचार हवे असतील तर तेच दूरचे, भिंतीआडचे ठिकाण होते. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधील माडियांविषयी व्हेरियर एल्विन यांनी १९४३ मध्ये ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधारही मुख्यतः न्यायालयांची आणि पोलिसांची कागदपत्रे हाच होता. घरातील कलह, आजारपण, दारू आणि जादूटोण्याची भीती यांचा त्यांनी सहानुभूतीने विचार केला, ही त्या ग्रंथाची थोरवी; तरी ज्या माणसांविषयी तो लिहिला गेला ती कागदावर आली तेव्हा वेळ निघून गेलेली होती. गावात अशा माणसाला पुजाऱ्याकडे नेत. पुजारी घरी येई, रात्रभर बसे, घरच्यांना एकत्र आणी, आणि त्या सोबतीचा आधार वाटत असे हे नाकारता येत नाही. मात्र दोष शेजारच्या एखाद्या बाईवर गेला की एका जिवाच्या दुःखातून दुसरा जीव धोक्यात येई.

कायदा सावकाश बदलला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला, १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरवला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने, म्हणजे २९ मे २०१८ पासून, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले, आणि १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. दीडशेहून अधिक वर्षे पोलिसांच्या धास्तीने घरचे लोक जी गोष्ट लपवत आले, ती बोलण्याची मोकळीक अशी अगदी अलीकडची आहे.

या जिल्ह्यांतील स्त्रियांनी मात्र कायद्याची वाट न पाहता या दुःखाच्या एका मुळावर घाव घातला होता. १९८७ पासून गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या दारूमुक्ती आंदोलनामुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेसह हजारो स्त्रियांनी दिलेल्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीच्या यशापयशाचा वाद येथे बाजूला ठेवला तरी त्या आंदोलनांत स्त्रिया जे सांगत होत्या त्याची वैद्यकीय बाजू पक्की आहे: दारूने निराशा गडद होते, क्षणिक आवेग आवरण्याची शक्ती कमी होते, आणि घरातील जी माणसे आधार देऊ शकली असती तीच दुरावतात.

शेतकरी आत्महत्यांची चर्चा पेटली तेव्हा हे दोन जिल्हे नकाशाच्या कडेला पडले. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे सहा जिल्हे होते. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ या शेतकरी समुपदेशन प्रकल्पात मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांबरोबर विदर्भातले तेच सहा घेतले गेले. यादी कापसाच्या पट्ट्याची होती, दुःखाची नव्हती. धान पिकवणाऱ्या, वनोपजावर जगणाऱ्या, पोलीस आणि नक्षलवादी यांच्यामध्ये वर्षानुवर्षे सापडलेल्या गावांत मन खचण्याची कारणे कमी होती असे कोणीही म्हणू शकणार नाही.

घरभेटीने काय साधते याचा पुरावा विदर्भातल्याच अमरावती जिल्ह्यातून आला. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ या नावाने झालेल्या कार्यक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवण्यात आला, आणि डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. मानसिक प्रथमोपचार म्हणजे उपदेश नव्हे. ‘जीव नको वाटते’ असे कोणी म्हटले, अथवा कोणी जेवणखाण सोडले, वस्तू वाटून टाकू लागला, उगाच निरोपाचे बोलू लागला, तर त्याच्याशेजारी बसून, आवाज न चढवता, मनात मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारायचे असते. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने उलट ओझे हलके होते. मग ऐकायचे, मधे तोडायचे नाही, ‘लेकराबाळांचा तरी विचार कर’ असे म्हणून त्याच्या दुःखावर अपराधाची भर घालायची नाही. धोका जवळ वाटला तर त्याला एकटे सोडायचे नाही, घातक वस्तू आणि शेतीची औषधे दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायची, आणि स्वतः बरोबर जाऊन प्राथमिक आरोग्य केंद्र वा जिल्हा रुग्णालय गाठायचे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते. घरच्या माणसालाही तिथे सल्ला विचारता येतो.

हिवाळ्यात ही दोन संकटे एकमेकांत मिसळतात. मन उद्ध्वस्त झालेला किंवा दारूच्या अंमलातला माणूस रात्री भांडून घराबाहेर पडतो, रानात वा नाल्याकाठी बसून राहतो, पांघरूण घेण्याचे भान त्याला नसते, आणि थंडीने मंदावलेला मेंदू परत फिरण्याचा विचार आणखी अवघड करतो. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहणे चुकीचे ठरते. सापडलेल्या माणसाला हळुवारपणे आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून डोक्यासकट कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये, बधिर झालेले अंग विस्तवाजवळ धरू नये, आणि हुडहुडी थांबून गुंगी आली असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. त्याच्याशी बोलायचे ते पुढचे. त्या घटकेला रागावणे किंवा जाब विचारणे यासारखी दुसरी चूक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १८६७ जणांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यांच्याबरोबरच तासाभराचे बोलणे आणि नंतर दीड वर्षात घरी येऊन वा फोनवर नऊ वेळा विचारपूस मिळाली. दीड वर्षाअखेर आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. त्या नऊ भेटींचे वेळापत्रक १, २, ४, ७ आणि ११ व्या आठवड्यांचे, मग ४, ६, १२ आणि १८ व्या महिन्यांचे होते. गडचिरोलीच्या आरोग्यदूताने ठरलेल्या दिवशी दारात जाण्याचा जो पाठ घालून दिला, त्याचेच हे मोठ्या माणसासाठीचे रूप. आज आशा कार्यकर्तीच्या सामुदायिक तपासणी अर्जात उदासीविषयीचे दोन प्रश्न आहेत, पण तो अर्ज ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, आणि देशातील आत्महत्यांच्या नोंदींत १८ ते ३० या वयोगटाचा वाटा सर्वांत मोठा असतो. धानोरा किंवा भामरागड तालुक्यातील आशाच्या वहीत बाळाच्या ४२ दिवसांच्या तारखा आधीच छापलेल्या असतात; इस्पितळातून जीव वाचवून घरी परतलेल्या २४ वर्षांच्या तरुणासाठी पहिल्या आठवड्याची तारीख तिच्या वहीत घातली जायला हवी, आणि त्यासाठी लागणारी बाई, वही व रस्ता ही तिन्ही तिथे आधीपासून आहेत.